एका बसमार्गाचा इतिहास : अलेक्झांड्रा ते जोहान्सबर्ग

आपल्या इतिहासलेखनात पाण्याला जागा मिळाली, देवळाला मिळाली. महाडचे चवदार तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर ही नावे आमच्या वस्तीतल्या पोरांना शाळेच्या पुस्तकाआधी घरातच कळतात. अंतराला मात्र अशी जागा मिळालेली नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळेपर्यंत, कचेरीपर्यंत, कामाच्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी जे अंतर तुडवावे लागते ते काही निसर्गाने घातलेले नसते. ते कोणीतरी मोजूनमापून घातलेले असते. मग ते घालणारा कोण, आणि ते ओलांडण्याचे भाडे कोणी भरायचे, हा प्रश्न इतिहासाचा आहे की नाही?

मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला होतो तेव्हा आमच्या वस्तीपासून शाळा नऊ किलोमीटर होती. थोरल्या बहिणीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास फुकट मिळे. मला मुलगा म्हणून सवलतीचा पास होता आणि सवलत वजा जाता उरलेले पैसे भरावेच लागत. ते पैसे आईच्या खुरपणीच्या रोजातून यायचे. ज्या महिन्यात खुरपणी नसे त्या महिन्यात पास नसे. अशा दिवसांत बहीण एस.टी.च्या खिडकीतून हात हलवी आणि मी वाटेला लागे. ‘एवढं तोंड पाडायला काय झालं? पाय हायेत नव्हं?’ असे आई म्हणायची. तिच्या बोलण्यात दुःख होते की ताठा होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण दोन तास चालून गेलेल्या पोराला पहिल्या तासाला झोप येते, आणि त्या झोपेचा अर्थ त्याच्या जातीवरून लावला जातो, एवढे मला तेव्हाच कळले होते.

आज मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाचा भाग चालू होता. पासचे कायदे, शार्पव्हिलचा गोळीबार, मंडेलांचा तुरुंगवास असे सारे मी ठरल्याप्रमाणे सांगत होतो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, ती माणसं शहराबाहेर राहायची म्हणता, मग रोज कामावर कशानं जायची?’ मला उत्तर आले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातही ते नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नामागे मी जे वाचत गेलो त्यातून हा लेख झाला आहे.

प्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत ज्या घटना सांगितल्या आहेत त्यांतल्या दोन वाहनाशी निगडित आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या लहान मुलांना जात कळताच गाडीवान बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि बैल मुलांनीच हाकायचे ठरले, गाडीवान गाडीबरोबर पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी ‘आम्ही महाराचा टांगा हाकणार नाही’ अशी भूमिका घेतली, तेव्हा टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या वस्तीतल्या माणसाच्या हाती लगाम गेले आणि अपघातात बाबासाहेब जखमी झाले. पहिल्या घटनेतले दुप्पट भाडे नीट पाहा. विटाळ मानणाराही पैसा मात्र विटाळाच्या दरानेच वसूल करतो. अलेक्झांड्राच्या बसमार्गाची सगळी कहाणी या एका व्यवहाराचे मोठे रूप आहे.

जोहान्सबर्ग हे सोन्याने वसवलेले शहर. १८८६ साली तेथे सोने सापडले आणि उघड्या माळावर बघताबघता महानगर उभे राहिले. या शहराच्या ईशान्येला सुमारे नऊ मैलांवर पापेनफस नावाच्या एका गोऱ्या जमीनमालकाने विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहत आखली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले, अलेक्झांड्रा. गोऱ्या कुटुंबांनी येथे भूखंड घेऊन बंगले बांधावेत अशी त्याची अपेक्षा होती. पण शहरापासून इतक्या लांब कोण गोरा राहायला जाणार? भूखंड पडून राहिले. तेव्हा १९१२ साली तीच वसाहत काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांना मालकी हक्काने विकायला खुली झाली. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, भूमी कायदा आला आणि देशाची जेमतेम सात टक्के जमीन काळ्यांसाठी राखून बाकी सर्वत्र त्यांना जमीन घेण्यास बंदी झाली. अलेक्झांड्रा त्या कायद्याआधीची म्हणून वाचली. काळ्या माणसाच्या नावावर शहराजवळ घर असू शकेल अशा फार थोड्या जागा त्या देशात उरल्या, त्यांतली ही एक. म्हणजे ज्या अंतरामुळे गोऱ्यांनी ती जमीन नाकारली, त्या अंतरासकट ती काळ्यांच्या पदरात पडली.

हा मालकी हक्क काळ्यांना किती मोलाचा वाटत असेल हे ज्याच्या बापजाद्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यालाच कळेल. पण हक्काबरोबर जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हते. वसाहत जोहान्सबर्ग नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पडत होती, म्हणून नगरपालिकेने हात वर केले. १९१६ पासून एक आरोग्य समिती तिचा कारभार पाहू लागली, पण समितीजवळ पैसा नव्हता. रस्त्यांवर दिवे नव्हते, म्हणून लोक वसाहतीला ‘डार्क सिटी’, अंधाराचे शहर म्हणत. सांडपाण्याची सोय नव्हती. साधारण एका चौरस मैलाच्या त्या जागेत भाडेकरूंच्या खोल्यांवर खोल्या चढत गेल्या. शेजारच्या उत्तरेकडील उपनगरांतल्या गोऱ्या करदात्यांना ही वस्ती रोगराईचे आणि गुन्हेगारीचे आगर वाटे, आणि ती उठवावी म्हणून त्यांच्या सभा होत, अर्ज जात. हे अर्ज लिहिणाऱ्यांचे कपडे अलेक्झांड्राच्याच बाया धूत होत्या, त्यांच्या घरात स्वयंपाक करणारी आणि बागेला पाणी घालणारी माणसे रोज संध्याकाळी अलेक्झांड्रालाच परतत होती. महारवाडा गावाबाहेर हवा आणि महार मात्र दारात हवा, या न्यायाला आपण ओळखतोच.

वसाहतीला रेल्वे स्टेशन नव्हते. शहरात जायचे तर एकच मार्ग, लुई बोथा यांच्या नावाचा लांबलचक रस्ता. वाइनबर्ग, ब्रॅम्ली, ऑरेंज ग्रोव्ह अशा गोऱ्यांच्या उपनगरांतून चढउतार करीत तो जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीकडे जातो. हाच आपला बसमार्ग.

या मार्गावर सुरुवातीला काळ्यांच्याच गाड्या धावत होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वसाहतीतल्या काही धडपड्या माणसांनी जुन्या मोटारी, मग छोट्या बस घेतल्या आणि आपल्याच लोकांना शहरात नेण्याआणण्याचा धंदा उभा केला. १९३० साली मोटार वाहतुकीचा कायदा आला. मार्गावर गाडी चालवायची तर स्थानिक वाहतूक मंडळाचे प्रमाणपत्र हवे. वरवर पाहता कायद्यात रंगाचा प्रश्न नव्हता. सुरक्षितता, नियमितपणा, अनिष्ट स्पर्धा टाळणे हीच त्याची भाषा होती. प्रत्यक्षात दहाएक वर्षांत काळे बसमालक त्या मार्गावरून उठले आणि गोऱ्यांच्या कंपन्या उरल्या. सर्वांत शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी आर. जी. बलोयी हे तर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे खजिनदार होते. त्यांनाही टिकता आले नाही. आपल्याकडे ‘गुणवत्ता’ हा शब्द जे काम करतो ते तेथे ‘प्रमाणपत्र’ या शब्दाने केले. मला येथे हेही नोंदवावेसे वाटते की हे काळे मालक काही समाजसेवक नव्हते. भाडे तेही घेत. पण त्यांची रात्र त्याच अंधाऱ्या गल्लीत जात होती, आणि भाड्यावरून भांडण झाले तर ते दारातल्या दारात होत होते. आता भांडायचे तर कंपनीशी, मंडळाशी आणि अखेर सरकारशी भांडावे लागणार होते.

आणि भांडण लवकरच आले. एका फेरीचे भाडे चार पेन्स होते. कंपन्यांना ते पाच हवे होते. फरक एका पेनीचा. पौंडात २४० पेन्स, म्हणजे पौंडाचा दोनशेचाळिसावा भाग. एवढ्याशा नाण्यासाठी माणसे अठरा मैल चालतात हे गोऱ्या वर्तमानपत्रांना विलक्षण वाटले, आणि यामागे कोणी चिथावणीखोर असले पाहिजेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण हिशेब करून पाहा. जाता-येता दोन पेन्स, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा पेन्स, एक शिलिंग. घरातली दोन माणसे कामाला जात असतील तर दोन शिलिंग. ज्या घराची मिळकत आधीच पोटाला पुरत नाही त्या घरात हा शिलिंग भाकरीतूनच काढावा लागतो. ज्याने कधी महिनाअखेर पासासाठी पैसे मोजले आहेत त्याला यामागे चिथावणीखोर शोधण्याची गरज पडणार नाही.

१९४० पासूनच या एका पेनीवरून कुरबुरी आणि बहिष्कार सुरू झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये भाडे पुन्हा वाढले तेव्हा हजारो लोक बसकडे पाठ फिरवून चालू लागले. नऊ दिवस बस रिकाम्या धावल्या आणि कंपनीने भाडे पुन्हा चार पेन्सवर आणले. त्या चालणाऱ्यांत पंचविशीतला एक तरुण होता. काही काळ तो अलेक्झांड्रात एका खोलीत भाड्याने राहिला होता, गोऱ्या वकिलांच्या कचेरीत उमेदवारी करीत होता आणि भाडे वाचवण्यासाठी आधीही कित्येकदा पायीच जात होता. मालकाने दिलेला एक जुना सूट ठिगळे लावून त्याने पाच वर्षे वापरला. नेल्सन मंडेला पुढे आत्मचरित्रात लिहितात की या मोर्चाने त्यांना नुसत्या बघ्याच्या जागेवरून सहभागी होणाऱ्यांच्या जागेवर आणले. जगाला माहीत असलेल्या मंडेलांच्या घडणीत एका बसमार्गाचा असा वाटा आहे.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, पुन्हा पाच पेन्स झाले. या वेळी बहिष्कार सात आठवडे चालला. धुण्याची गाठोडी डोक्यावर घेतलेल्या बायका या लढ्यात पुढे होत्या. त्यांचा हिशेब पुरुषांपेक्षा कडक होता, कारण त्यांची कमाई कपड्यांवर आणि खर्च भाड्यावर होता. याच सुमारास सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने काळ्या मजुरांच्या बसवाहतुकीचा अभ्यास केला आणि जे लिहिले ते कोणा चळवळ्याने लिहिले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आयोगाचे म्हणणे असे की मजुरीच्या मानाने वाहतुकीचा खर्च या लोकांच्या आवाक्याबाहेर आहे. खरे तर ते काहीच देऊ शकत नाहीत, आणि जास्त द्यायला लावले तर ते त्यांच्या आधीच अर्धपोटी असलेल्या जेवणातून कापले जाईल.

म्हणजे सत्य सरकारला ठाऊक होते. सरकारने मजुरी वाढवली का? वस्ती शहराजवळ आणली का? दोन्ही नाही. १९४५ साली ‘पुटको’ या नावाने ओळखली जाणारी नवी वाहतूक कंपनी उभी राहिली आणि तिच्या तोट्यासाठी सरकारी अनुदान सुरू झाले. १९५२ च्या कायद्याने काळे मजूर ठेवणाऱ्या मालकांवर आकारणी बसवली आणि तिच्यातून या अनुदानाला पैसा मिळू लागला. वरकरणी हा दयेचा व्यवहार दिसतो. माझे मत वेगळे आहे. काळ्यांनी शहराबाहेर राहावे आणि शहरात राबावे ही व्यवस्था फुकट चालत नाही. तिला रोजचा वाहतुकीचा खर्च येतो. हा खर्च मजुराने सोसायचा, मालकाने की सरकारने, एवढाच वाद होता. अंतर कायम राहावे याबद्दल तिघांपैकी दोघांचे एकमत होते आणि तिसऱ्याला कोणी विचारत नव्हते.

आता १९५७. पुटकोने जाहीर केले की ७ जानेवारीपासून भाडे पाच पेन्स. हा काळ नीट पाहिला पाहिजे. महिनाभरापूर्वी, डिसेंबर १९५६ मध्ये, १५६ पुढाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडले होते आणि जोहान्सबर्गच्या ड्रिल हॉलमध्ये प्राथमिक सुनावणी सुरू झाली होती. मोठी नावे त्या खटल्यात अडकलेली. काळ्या मजुरांना संप करण्यास कायद्याने बंदी. मताचा अधिकार नाही. असेल नसेल ते हत्यार हिरावून घेतल्यावर उरते काय? बसमध्ये न चढणे. ‘बसमध्ये चढलेच पाहिजे’ असा कायदा करण्याचे सरकारला तेवढे सुचले नव्हते.

सोमवारी पहाटे अलेक्झांड्राच्या रस्त्यावर एकच शब्द होता : ‘अझिक्वेल्वा’. आम्ही चढणार नाही. पंधरा हजारांवर माणसे लुई बोथा रस्त्याने चालू लागली. सोफियाटाउन आणि प्रिटोरियाच्या काळ्या वस्त्यांतही बहिष्कार सुरू झाला, आणि पुढे पोर्ट एलिझाबेथ, ईस्ट लंडन अशा दूरच्या शहरांत, जेथे भाडे वाढलेच नव्हते तेथेही, लोकांनी केवळ पाठिंबा म्हणून बस सोडल्या. बहिष्कार भरात असताना रोज साठ हजारांवर माणसे पायी कामावर जात होती. जानेवारी म्हणजे तेथला उन्हाळा, पावसाचे दिवस. पहाटे तीनला उठायचे, अंधारात निघायचे, नऊ मैल चालून आठ तास राबायचे आणि पुन्हा नऊ मैल. साधा हिशेब मी केला. रोज अठरा मैल, आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे, म्हणजे तेराशे मैलांच्या आसपास. मुंबईहून रेल्वेने कलकत्त्याला जितके अंतर आहे त्याहून जास्त. हे अंतर त्या माणसांनी रोजची नोकरी सांभाळून, अर्ध्या पोटाने कापले.

या बहिष्काराच्या सतराच दिवस आधी अमेरिकेतील माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी ३८१ दिवसांचा बहिष्कार जिंकून बसमध्ये पाऊल ठेवले होते. त्या लढ्याचे नाव आपल्याकडे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे, रोझा पार्क्स यांचे चित्र आपल्या सभागृहांत लागते. ते योग्यच आहे. पण अलेक्झांड्राचे नाव आपल्याला माहीत नसते. माँटगोमेरीत प्रश्न बसमध्ये कोठे बसायचे हा होता. अलेक्झांड्रात बसमध्ये गोरा कोणी नव्हताच, प्रश्न पोटाचा होता. मला वाटते, मानाची लढाई सांगायला सोपी जाते, पेनीची जात नाही. आणि आमच्यातल्या काही शिकलेल्या मंडळींनाही पेनीची लढाई जरा हलकी वाटते, हे कटू असले तरी खरे आहे.

सरकारने काय केले? वाहतूकमंत्री बेन स्कूमन यांनी हा आर्थिक प्रश्न नसून राजकीय कट असल्याचे जाहीर केले आणि सरकार माघार घेणार नाही असे बजावले. बससेवा कायमची बंद करण्याच्या धमक्या आल्या. चालणे हा गुन्हा नव्हता, पण चालणाऱ्याजवळ पास आहे का हे तपासता येत होते. म्हणून थकून परतणाऱ्या रांगा रस्त्यात अडवून पास तपासले गेले, धरपकड झाली. सायकलस्वारांच्या चाकांतली हवा पोलिसांनी सोडून दिली. काही गोरे मोटारवाले, त्यांत बायका बऱ्याच, थकलेल्यांना गाडीत घेऊ लागले, तेव्हा त्यांच्या गाड्या थांबवून परवाने तपासण्याचा सपाटा लावला. या गोऱ्यांबद्दल मी उगाच भारावून लिहिणार नाही, पण त्यांचे श्रेयही लपवणार नाही. रोज संध्याकाळी आपल्या फाटकासमोरून आपल्याच मोलकरणी लंगडत जाताना पाहिल्यावर काहींना शरम वाटली. शरम वाटणे ही आपल्याकडच्या अनुभवावरून पाहता लहान गोष्ट नाही. पत्रकार रूथ फर्स्ट यांनी या बहिष्कारावर त्याच वर्षी ‘आफ्रिका साउथ’ या नियतकालिकात लिहिले. पुढे १९८२ मध्ये निर्वासित म्हणून मोझांबिकमध्ये असताना टपालातून आलेल्या बाँबने त्यांचा जीव घेतला.

नेतृत्वाकडे पाहू. अलेक्झांड्राच्या लढा समितीत भूखंडमालक होते आणि भाडेकरूही होते, ज्यांचे एकमेकांशी एरवी पटत नसे. काँग्रेसचे आल्फ्रेड न्झो आणि थॉमस न्कोबी होते. डॅन मोकोन्याने होते, ते काँग्रेसवर डावीकडून टीका करणाऱ्या एका छोट्या गटाचे. आणि जोसायस मादझुन्या होते, रस्त्यावर माल विकणारे, भर उन्हाळ्यात जाड ओव्हरकोट घालून सभेत बोलणारे, काँग्रेसच्या मवाळपणावर तुटून पडणारे आफ्रिकावादी. अशी माणसे एका समितीत तीन महिने टिकली. १९५७ हेच आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या स्थापनेचे वर्ष. आपल्याकडे त्यानंतर काय झाले ते वाचकांना सांगायला नको. त्या समितीला एकत्र ठेवणारी गोष्ट नेत्यांचा मोठेपणा नव्हता. मैदानावरच्या सभेत लोक रोज समोर बसत होते आणि पाय त्यांचे दुखत होते. नेत्याला परस्पर काही मान्य करून येण्याची सोय नव्हती.

तडजोडीचा प्रश्न आला तेव्हा मात्र भेग पडली. बिशप अँब्रोज रीव्ह्ज यांनी मध्यस्थीचे प्रयत्न केले. व्यापारी मंडळ पुढे आले, कारण थकलेले मजूर आणि उशिरा उघडणारी कामे याचा तोटा त्यांना दिसू लागला होता. त्यांनी सुचवले की प्रवाशाने पाच पेन्सचे तिकीट घ्यावे आणि एक पेनी परत घ्यावी, परताव्याचा पैसा व्यापारी देतील. एका मताने हा विजय होता, कारण खिशातून चारच पेन्स जाणार. दुसऱ्या मताने ही फसवणूक होती, कारण पाचाचा आकडा कायम राहून व्यापाऱ्यांचा निधी संपला की पुन्हा जैसे थे. मादझुन्या आणि त्यांच्या बाजूचे लोक शेवटपर्यंत विरोधात राहिले, काँग्रेसचे लोक तडजोडीकडे झुकले. एकमेकांवर विकले गेल्याचे आरोप झाले. अखेर पाच पेन्सचे तिकीट चार पेन्सला विकण्याची व्यवस्था झाली आणि एप्रिलमध्ये अलेक्झांड्राचे लोक पुन्हा बसमध्ये चढले. त्याच वर्षी संसदेने कायदा करून मालकांवरची आकारणी वाढवली आणि भाडे चार पेन्सवर राहिले. माझ्या मते तडजोड करणारे चुकले नाहीत. तीन महिने चाललेल्या माणसाला ‘आणखी चाल’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. पण विरोध करणाऱ्यांची शंका नसती तर तात्पुरता परतावा कायद्यापर्यंत पोहोचला असता का, याबद्दल मला संशय आहे.

मताचा अधिकार नसलेल्या लोकांनी स्वतःच्या पायांनी त्या गोऱ्या संसदेकडून कायदा करून घेतला. शिवाय बहिष्काराने मजुरीचाच प्रश्न वर आणला. ‘असिनामाली’, आमच्याजवळ पैसा नाही, ही घोषणा बसथांब्यावरून कारखान्यापर्यंत गेली आणि त्याच वर्षी रोज एक पौंड मजुरीची मागणी घेऊन मोहीम उभी राहिली. दिवसाला एक पौंड ही मागणी त्या वेळी क्रांतिकारक वाटावी, यातच त्यांना काय मिळत होते ते आले.

सरकारने मात्र धडा वेगळा घेतला. वस्तीच उठवायची. १९५८ पासून कारभार वेगळ्या मंडळाकडे गेला, मालकी हक्क मोडून भूखंड ताब्यात घेणे सुरू झाले, हजारो कुटुंबांना सोवेटोत आणि टेंबिसाला हलवले. १९६३ मध्ये ठरले की अलेक्झांड्रात कुटुंबे नकोतच, फक्त एकट्या राहणाऱ्या मजुरांची वसतिगृहे असावीत. नवरा एका इमारतीत, बायको दुसऱ्या इमारतीत, पोरे कोठेतरी लांब. सगळी वीस-पंचवीस मोठी वसतिगृहे उभारण्याचा बेत होता, उभी राहिली ती मोजकीच. लोक हटले नाहीत. १९७९ मध्ये सरकारने वस्ती राखण्याचे मान्य केले. याच वस्तीत वाढलेल्या मोंगाने वॉली सेरोटे या कवीचा पहिला संग्रह १९७२ साली आला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली होती. दोघांनी एकमेकांना वाचले असेल असे नव्हे, परंतु दोन वस्त्यांतला धूर एकाच वेळी वर येत होता.

बसमार्गाचे पुढे काय झाले? सत्तरीच्या दशकाअखेरीपासून काळ्या मालकांच्या छोट्या टॅक्सी रस्त्यावर आल्या. १९३० च्या कायद्याने ज्यांना उठवले होते त्यांची नातवंडे सोळा आसनी गाड्या घेऊन परत आली असे म्हणता येईल. १९८८ मध्ये त्या धंद्यावरचे निर्बंध सैल झाले आणि आज त्या देशातील सार्वजनिक प्रवासातला मोठा हिस्सा याच टॅक्सींचा आहे. त्यांच्या मार्गांवरून टोळीयुद्धे झाली, माणसे मेली. लोकांच्या हाती धंदा येणे आणि लोकांच्या बाजूने धंदा चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९४ नंतर आल्फ्रेड न्झो स्वतंत्र देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. २०१० मध्ये वेगवान गौट्रेनचे मार्लबोरो स्टेशन अलेक्झांड्राच्या काठाशी उघडले, पण तिचे भाडे वस्तीतल्या मजुराला झेपणारे नव्हते. लुई बोथा रस्त्याच्या मधोमध महापालिकेच्या जलद बसची स्थानके बांधली गेली आणि बांधून झाल्यावर वर्षानुवर्षे बसची वाट पाहत उभी राहिली.

दरम्यान शहरच सरकत अलेक्झांड्राच्या शेजारी आले. मोठ्या बँका आणि कंपन्या जुन्या मध्यवस्तीतून उठून सँड्टनला गेल्या. अलेक्झांड्रा आणि सँड्टन यांच्यामध्ये आता नऊ मैल नाहीत, एक द्रुतगती महामार्ग आहे. तो ओलांडायला पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल बांधला आहे. रोज सकाळी हजारो माणसे त्या पुलावरून सँड्टनला कामाला जातात, कारण टॅक्सीचे भाडे वाचते.

वर्गात मी हे सांगितले तेव्हा त्या विद्यार्थिनीने विचारले, ‘मग सर, तिथली पोरं शाळेत कशानं जातात?’ तेवढे शोधायचे राहिले आहे.